खण, कपाटं आणि दीड वर्षाचं मूल: घर सुरक्षित करायची पद्धत

आमची मुलगी चौदा महिन्यांची असतानाची गोष्ट. दुपारी आतल्या खोलीतून चुरचुर आवाज आला, गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद चुरगळल्यावर येतो तसा. मी धावत आत गेले. खणाला मुलांसाठीची प्लास्टिकची कडी लावलेली होती आणि ती शाबूत होती. पण तसली कडी खण ओढल्यावर आधी दोन बोटांची फट पडू देते आणि मग अडकते. त्या फटीतून लेकीचा हात आत गेला होता, मनगटावर लाकडाच्या कडेचा लाल वळ उठला होता आणि चिमटीत पाकिटाचा कोपरा होता. एकही गोळी बाहेर आली नव्हती. तिला मांडीवर घेऊन मी तिथेच फरशीवर बसले, कारण पायांत बळ उरलं नव्हतं.

कडीत काही दोष नव्हता. ज्या खणात औषधं असायलाच नको होती त्याला कडी लावून मी निर्धास्त झाले होते, ही चूक होती. कडीने आपल्याला फक्त थोडा वेळ मिळतो, तिथे पोचेपर्यंतचा. कधी पाच मिनिटं, कधी पाच सेकंद. म्हणून कामाचा क्रम असा धरा: आधी धोक्याच्या वस्तू हलवायच्या, मग फर्निचर भिंतीला बांधायचं, मग कड्या-कुलपं लावायची आणि शेवटी एक खण मुलाला मोकळा सोडायचा. बहुतेक घरांत कड्यांचं पाकीट सगळ्यात आधी येतं आणि बाकीचं राहून जातं.

आधी फरशीवर बसा

बाळ रांगायला लागण्याआधीच हे करा. साधारण सहा ते दहा महिन्यांत मुलं रांगू लागतात, त्यानंतर थोड्याच दिवसांत धरून उभी राहतात, आणि हा बदल कधीकधी एका आठवड्यात होतो. प्रत्येक खोलीत गुडघ्यांवर बसून फिरा. उभ्याने न दिसणाऱ्या गोष्टी खालून दिसतात: सिंकखालच्या कपाटाचं न लागणारं दार, पलंगाच्या कडेचा खण, टेबलाच्या पोटातला उथळ ड्रॉवर.

मग उंची मोजा. मूल उभं राहत असेल तर भिंतीला टेकवून, टाचा उचलून, हात वर करायला लावा आणि बोटं पोचतात तिथे पेन्सिलीने खूण करा. दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ८५ सेंटीमीटर असते, पण हात वर केल्यावर ते मीटरच्या आसपास सहज पोचतं. म्हणजे ओट्याखालचे सगळे खण त्याच्या हातात आले आणि ओट्याची कडसुद्धा. दुसऱ्या वर्षात मूल दहा-बारा सेंटीमीटर वाढतं, म्हणून पेन्सिलीच्या खुणेच्या वर एक वीत सोडून रेघ मारा. रेघेखालचं सगळं त्याचं, असं समजून कामाला लागा. खुर्ची, बादली, उघडा खण यांवर चढून रेघेच्या वरही जाता येतं, त्याचा विचार पुढे करू.

एक वही घ्या आणि प्रत्येक खणात खरोखर काय आहे ते लिहा. आठवून लिहू नका, खण उपडा करा. माझ्या वहीत निघालेल्या वस्तूंपैकी निम्म्या तिथे आहेत हे मला माहीतच नव्हतं.

काय हलवायचं

सगळ्यात धोकादायक खण सुरीचा नसतो. सुरी आपल्याला दिसते, आपण ती आपोआप बाजूला ठेवतो. खरा धोका असतो सटरफटर वस्तूंच्या खणात: जुने रिमोट, सुटे स्क्रू, सुई-दोरा, नाणी, काडेपेटी आणि बटणाएवढे सेल.

या गोल चपट्या सेलबद्दल थोडं थांबून सांगते, कारण अनेक घरांत अजून त्यांची धास्ती नाही. रिमोट, वजनकाटा, थर्मामीटर, गाडीची किल्ली, वाजणारी शुभेच्छापत्रं, सेलवर लागणाऱ्या मेणबत्त्या या सगळ्यांत ते असतात. त्यावर २०३२ असं लिहिलेलं असेल तर पहिले दोन अंक म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि पुढचे दोन म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. हा व्यास लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकणारा आहे. अडकला की ओल्या भिंतीतून प्रवाह वाहू लागतो, सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका खोलवर भाजू शकते. असं भाजायला सेलच्या आतलं रसायन गळायचीही गरज नसते. आणि रिमोट चालत नाही म्हणून काढून ठेवलेल्या सेलमध्येही एवढं करण्याइतकी शक्ती उरलेली असते. म्हणून सेल बदलला की जुना लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळा आणि घराबाहेर काढा. ज्या वस्तूचं सेलचं झाकण स्क्रूशिवाय उघडतं, ती वस्तू रेघेच्या वर.

मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जा. लाळ गळणं, खायला नकार देणं, खोकला अशी लक्षणं दिसतील किंवा काहीच दिसणार नाही. ओकारी काढायचा प्रयत्न करू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळू शकत असेल आणि घटनेला बारा तास झाले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे, म्हणजे १० मिलिलिटर, मध देण्याचा सल्ला विषबाधातज्ज्ञ देतात, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधण्यात मात्र वेळ घालवू नका. घरात हाताशी असेल तरच. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही.

छोट्या ताकदवान चुंबकांचं गणित वेगळं आहे. एक गिळला तर कदाचित निघून जाईल, पण दोन गिळले तर आतड्याच्या दोन वळणांतून ते एकमेकांना खेचतात आणि मधली भिंत दाबून तिला भोक पाडतात. असे चुंबक घरातून बाहेरच घालवा.

औषधं, त्यांतही लोहाच्या गोळ्या, हृदयाची आणि मधुमेहाची औषधं, एका जागी, उंचावर, कुलुपात. दाबून फिरवायच्या झाकणावर फार विसंबू नका. अशा झाकणांसाठी आयएसओ ८३१७ हे मानक आहे. त्यातल्या चाचणीत ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांना बाटली देतात. पहिल्या पाच मिनिटांत किमान ८५ टक्के मुलांना ती उघडता येता कामा नये, आणि कशी उघडायची ते दाखवल्यानंतरही किमान ८० टक्क्यांना जमता कामा नये. म्हणजे पाचांतल्या एकाने उघडली तरी बाटली पास. औषध देताना ‘गोड गोळी आहे’ असंही सांगू नये. मूल ते लक्षात ठेवतं.

सिंकखालचं कपाट रिकामं करा. तुंबलेली मोरी साफ करायची पावडर, फरशीची रसायनं, कपडे धुण्याच्या द्रवाच्या मऊ रंगीत पुड्या, कीटकनाशक, रॉकेल किंवा थिनर हे सगळं तिथून वर गेलं पाहिजे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत रसायन ओतून ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा; मूल बाटली ओळखतं, आतलं द्रव्य ओळखत नाही. यातलं काही पोटात गेलं तर ओकारी काढू नका. मोरी साफ करायचं रसायन वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजतं, आणि रॉकेल फुप्फुसात जातं. तोंड पुसा, बाटली सोबत घ्या, डॉक्टर किंवा आपल्या भागातला विषबाधेचा मदत क्रमांक गाठा. तो क्रमांक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आधीच चिकटवून ठेवा.

कपड्यांच्या कपाटातल्या डांबरगोळ्या विसरू नका. पांढऱ्या, गोल, खाऊसारख्या दिसतात. नॅप्थलीनच्या असतील तर रक्तपेशी फुटू शकतात, आणि जी-६-पीडी नावाच्या विकराची कमतरता असलेल्या मुलांना तर थोड्याशानेही.

बाकीच्या वस्तूंसाठी एक सोपी मोजपट्टी आहे. खेळण्यांच्या तपासणीत लहान भागांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तीत जे मावेल ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं. घरी टिशूच्या रोलची पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी मोठी असते, त्यामुळे चूक झाली तर सुरक्षित बाजूलाच होते. एक अपवाद लक्षात ठेवा: फुगे आणि पातळ प्लास्टिकच्या पिशव्या कितीही मोठ्या असल्या तरी धोकादायकच.

कपाट भिंतीला बांधा

खणांचं उभं कपाट बंद असताना स्थिर असतं. खण ओढला की त्याचं वजन पुढे येतं, दोन-तीन खण उघडले की तोल पुढच्या कडेवर येतो, आणि मग खालच्या खणात पाय ठेवून दहा-बारा किलोचं मूल उभं राहिलं की सगळं कपाट त्याच्यावर कोसळतं. मुलांना उघडे खण म्हणजे जिन्यासारखेच वाटतात. टीव्ही वर ठेवलेला असेल तर तो आधी पडतो.

कड्यांच्या आधी हे काम करा, आणि भाड्याच्या घरातही करा. भिंतीतलं भोक नंतर बुजवता येतं.

लोखंडी कोनाच्या पट्ट्या किंवा मजबूत पट्टे, प्रत्येक कपाटाला दोन, वरच्या कडेजवळ. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ६ मिलिमीटरचं भोक, त्यात ६ मिलिमीटरचा प्लग, आणि स्क्रू एवढा लांब की गिलावा ओलांडून पुढे तीन-चार सेंटीमीटर आत जाईल. नुसत्या गिलाव्यात धरलेला स्क्रू एका हिसक्यात बाहेर येतो. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायर त्याच रेषेत जाते. पोकळ भिंत असेल तर मागे पसरणारे खास अँकर वापरा. कपाटाच्या बाजूनेही स्क्रू जाड फळीत गेला पाहिजे. मागचा पातळ पत्रा किंवा हार्डबोर्ड काही उपयोगाचा नाही.

झाल्यावर दोघांनी मिळून तपासा. एकाने कपाट धरायचं, दुसऱ्याने सगळे खण उघडून वरच्या खणावर हळूहळू भार द्यायचा. पट्टी ताणली जाऊन कपाट जागचं हललं नाही, तर ठीक. जड वस्तू खालच्या खणांत ठेवा, आणि वर खेळणं किंवा चमकदार काही ठेवू नका. चढायचं आमंत्रण तेच असतं.

जड झाकणाच्या पेट्या आणि दार लावलं की आतून न उघडणाऱ्या जागा वेगळ्या तपासा. मोठी पेटी, न वापरलेला फ्रीज, आत मावेल असं कपाट, यांत लपलेलं मूल गुदमरू शकतं. पेटीला कुलूप लावा, टाकाऊ फ्रीजचं दार काढून टाका.

कोणती कडी कुठे

बाजारात शंभर प्रकार दिसले तरी खरे प्रकार चार-पाचच.

स्प्रिंगची प्लास्टिकची कडी आतून बसते, बोटाने खाली दाबली की सुटते. स्वस्त, सोपी, पण फट पडू देते आणि मुलं ती वर्षा-दीड वर्षात शिकतात, कारण आपण रोज त्यांच्यासमोर ती दाबतो. टोप्या, कापडं, भांडी अशा ‘पसारा नको’ एवढ्याच कारणाच्या खणांना ती ठीक. औषधांना किंवा रसायनांना मुळीच नाही.

चुंबकी कुलूप आत लपलेलं असतं आणि बाहेरून चुंबकी चावी दाराला टेकवली की उघडतं. दार जागचं हलतच नाही, फट पडत नाही, आणि मुलाला शिकायला बाहेर काही दिसतच नाही. सिंकखालच्या कपाटासाठी मी हेच सुचवते. दाराची जाडी पाकिटावर लिहिलेल्या मर्यादेत आहे ना ते आधी मोजा. धातूच्या दारांवर ते चालत नाही. चावी स्वतःच ताकदवान चुंबक आहे, म्हणून ती रेघेच्या वर आणि हृदयाचा पेसमेकर बसवलेल्या माणसापासून लांब ठेवा.

शेजारी-शेजारी दोन मुठींत अडकवायचं सरकतं कुलूप भाड्याच्या घरात किंवा पाहुणे म्हणून कुठे गेल्यावर, तात्पुरतं चांगलं. त्याचा दोष एवढाच की मोठी माणसं ते परत लावायला विसरतात. चिकटणारा पट्टा फ्रीज, ओव्हन आणि भोक पाडता येत नाही अशा खणांसाठी. आणि औषधांसाठी चावीचं साधं कुलूप, जुन्या पद्धतीचं. त्याला तोड नाही.

एक बिनखर्चाचा उपाय अनेकांना सुचत नाही: मूठच काढून टाकणं. खालच्या, क्वचित लागणाऱ्या खणाची मूठ काढली तर मोठ्यांना तो खालच्या कडेने ओढता येतो, लहान बोटांना पकड मिळत नाही. ज्या मुठी ठेवाल त्यांचे स्क्रू घट्ट करा. ढिली झालेली छोटी मूठ तोंडात जाते. दोऱ्या आणि रबर बांधून दार अडवू नका, लांब दोरी मुलाच्या गळ्याला फास बनू शकते.

बसवताना

चुंबकी कुलूप धरून सांगते, बाकीचे त्याच चालीने बसतात.

कपाट पूर्ण रिकामं करा, दाराच्या बिजागऱ्या आधी घट्ट करा. लोंबलेल्या दारावर कुलूप कधीच सरळ बसत नाही. मग कुलूप आणि त्याचा खटका डबल टेपने नुसते चिकटवून बघा. चावी बाहेरून कुठे टेकवली की ‘टक्’ आवाज येतो ते शोधा आणि दाराच्या आतून पेन्सिलीने भोकांच्या खुणा करा. हा टप्पा गाळू नका. पाच मिलिमीटरची चूक झाली की नवं भोक पाडताना जुनं आड येतं.

मग स्क्रूची लांबी. दारं साधारण १८ मिलिमीटर जाडीची असतात, म्हणून १२ ते १५ मिलिमीटरचे स्क्रू पुरेत. त्याहून लांब स्क्रूचं टोक दाराबाहेर येऊ शकतं. २ मिलिमीटरच्या बिटने आधी मार्गदर्शक भोक पाडा आणि बिटला १० मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे आत जास्त जाणार नाही. भुश्याच्या दाबलेल्या फळीत मशीनने स्क्रू आवळू नका, शेवटचे दोन फेरे हाताने. जास्त आवळला की भोक झिजून स्क्रू फिरतच राहतो.

चिकटपट्टीवर बसणारे पट्टे आणि कुलपं यांचं नव्वद टक्के यश पृष्ठभाग पुसण्यात आहे. स्वयंपाकघरातल्या लाकडावर तेलकट थर असतो, साबणाच्या पाण्याने तो पूर्ण जात नाही. त्यानंतर स्पिरीटने पुसा, पूर्ण वाळू द्या, पट्टा तीस सेकंद जोर देऊन दाबा आणि २४ तास त्याला हात लावू नका. अॅक्रिलिक टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. सायंकाळी लावला आणि सकाळी निघाला, असं म्हणणाऱ्यांनी बहुधा हे तास दिलेले नसतात.

बसवून झालं की वीस वेळा उघडा-मिटा. मग मुलाच्या जागी बसून दार ओढा, हलवा, बाजूने उचका, दाराखाली बोटं घाला. पाच वेळा जोरात ओढल्यावर काय होतं ते बघा. मूल हे शंभर वेळा करणार आहे.

खण पूर्ण बाहेर येऊन पायावर पडतो, तो धोकाही याच वेळी बघा. खण ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्टीला, म्हणजे टेलिस्कोपिक चॅनेलला, शेवटी अडवणारा खटका असतो, तो तुटला असेल तर चॅनेल बदला. सावकाश मिटणाऱ्या चॅनेल आणि बिजागऱ्या बोटं चेमटण्यापासून वाचवतात. मऊ फोमचे तुकडे दाराला लावले तर ते मुलं चावून काढतात, म्हणून ते वरच, मुलाच्या हाताबाहेर लावा.

एक खण मुलाचा

सगळंच बंद केलं तर मूल एका कुलपाशी झुंजत बसतं. खालचा, उथळ, हलका सरकणारा एक खण त्याला द्या. डबे आणि त्यांची झाकणं, लाकडी डाव, मोठा पुठ्ठ्याचा डबा, कापडाचे तुकडे, तारेचं काहीच नको, आणि सगळं नळीच्या मापापेक्षा मोठं. दर आठवड्याला त्यातलं काही बदला. आमच्या लेकीने त्या खणात डब्याचं झाकण बरोबर बसवायला शिकण्यात तीन आठवडे घालवले, आणि त्या तीन आठवड्यांत शेजारच्या खणाकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. तिला ‘नाही’ म्हणायची माझी वेळही निम्म्यावर आली.

खाली बसून खणातली वस्तू मुलाला दाखवताना उघडणं-मिटणंही शिकवा: मूठ धरून, बोटं कडेला नकोत. दीड वर्षाचं मूल हे शिकतं, विसरतं, परत शिकतं.

दारापाशी येणाऱ्या माणसांबद्दल

पाहुण्यांच्या पिशव्या आणि पर्स कपाटापेक्षा जास्त धोकादायक असतात, कारण त्यांत औषधं असतात आणि त्या जमिनीवर ठेवल्या जातात. दारातच हूक किंवा उंच फळी ठेवा आणि पिशवी तिथे अडकवायला सांगा. आजी-आजोबांच्या उशाशी ठेवलेल्या गोळ्यांसाठी मी त्यांना कुलुपाचा डबाच आणून दिला. आई आधी नाराज झाली. तिला उघडायला सोपा, मोठ्या चावीचा डबा मिळाल्यावर हरकत राहिली नाही. कुलूप मोठ्यांना अवघड वाटलं की ते उघडंच राहतं, म्हणून निवडताना घरातल्या सर्वात थकलेल्या हातांचा विचार करा.

महिन्यातून एकदा कड्या ओढून बघा, चिकटपट्टीच्या कडा उचलल्यात का बघा, आणि मुलाची उंची पुन्हा मोजून रेघ वर न्या. मूल एखादी कडी उघडताना दिसलं तर त्याला रागावू नका. ती कडी त्या जागेसाठी संपली, बदला.

साधी कुलपं मूल चार-साडेचार वर्षांचं झाल्यावर, एकेक करून काढा, आणि एक काढल्यावर दोन आठवडे पाहा. चिकटलेला पट्टा काढताना हेअर ड्रायरने अर्धा-एक मिनिट गरम करा, मागून दातांचा धागा करवतीसारखा फिरवा, उरलेला डिंक थोड्या तेलाने पुसा. लाकूड ओरबाडलं जात नाही. औषधांचं कुलूप आणि बटण सेलचा डबा मात्र काढायच्या यादीत घेऊच नका.